आकाशाकडे तोंड असलेल्या चौदा तोफा

सोल्योशकुत, ६ मे १९२४

जिल्हा कचेरीतून आज छापील तक्ता आला. महायुद्धानंतरच्या तहाच्या अटींप्रमाणे गावात कोणकोणती शस्त्रे आहेत ते आठ दिवसांत कळवायचे. चार रकाने : बंदुका, पिस्तुले, तलवारी, तोफा. खाली जाड अक्षरांत सूचना आहे, की काही लपवल्याचे आढळल्यास गावचा सचिव व्यक्तिशः जबाबदार धरला जाईल. गावचा सचिव मी आहे.

पहिल्या तीन रकान्यांनी त्रास दिला नाही. बंदुका दोन, दोन्ही वनरक्षकाच्या. पिस्तूल नाही. तलवार एक, ती चर्चमधल्या संत मिहायच्या पुतळ्याच्या हातात आहे आणि लाकडी आहे, पण तक्त्यात लाकडी वगळा असे कुठे म्हटलेले नाही, म्हणून लिहिली. अडले ते चौथ्या रकान्यात. आमच्या द्राक्षमळ्यांत चौदा गारतोफा आहेत.

गारतोफ म्हणजे दीड पुरुष उंचीचे पत्र्याचे नरसाळे, तोंड वर, खाली लाकडी बैठक आणि दारू ठासायची लोखंडी कोठी. काळा ढग आला की बार काढायचा. गोळा नसतो, नुसता आवाज आणि धुराचे एक कडे वर जाते. त्याने गारा फुटतात असे गावाचे म्हणणे.

सरपंच गेर्गेयकाका म्हणाले की हे शेतीचे अवजार आहे; फावडी लिहिली नाहीत, तशा याही लिहू नयेत. मला ते पटले. घरी येऊन तक्त्याच्या टिपा वाचल्या. "ज्यात दारू ठासून उडवली जाते असे कोणतेही साधन" असे त्यांत स्पष्ट छापलेले आहे. फावड्यात दारू ठासत नाहीत.

१२ मे

सहा दिवस विचार केला. शेवटी लिहिले : तोफा, १४. नुसता आकडा दिशाभूल करील म्हणून शेऱ्यात खुलासा केला : "तोंडे आकाशाकडे. मारा किती लांब ते खात्रीने सांगता येत नाही. ग्रामस्थांच्या मते ढगांपर्यंत."

पाठवण्यापूर्वी मजकूर एतेल्काबाईंना वाचून दाखवला. त्यांच्या खानावळीत मी सात वर्षे जेवतो. समज चांगली आहे त्यांची. त्यांनी दोनदा ऐकून घेतले आणि सूप गार होतंय म्हणाल्या. कायद्यात त्यांना फारसा रस नसावा.

२१ मे

आज मोटारीतून दोन परदेशी अधिकारी आले. शस्त्रतपासणी आयोगाचे. माझा शेरा वाचून वरच्या मंडळींची समजूत झाली आहे, की सोल्योशकुतमध्ये विमाने पाडायच्या तोफा लपवलेल्या आहेत. मी तर त्या लपवल्या नव्हत्या, उलट मोजून दिल्या होत्या. पण हे सांगायला सवड मिळाली नाही.

कॅप्टन लाबोर्द फ्रेंच, सडपातळ, अबोल. मेजर फेरान्ते इटालियन, गोलमटोल. दोघांना जर्मन येते, मलाही येते. पहिल्या मळ्यात तोफ दिसताच मेजरांनी तिला चक्क मिठी मारली. त्यांच्या आजोबांच्या द्राक्षमळ्यात अशाच सहा होत्या म्हणे. कॅप्टनांनी नरसाळ्यात डोकावून पाहिले, त्यांची टोपी आत पडली, ती काढायला शिडी आणावी लागली. हसणे-खिदळणे झाले. मला वाटले, प्रकरण मिटले.

मग एतेल्काबाईंकडे जेवण. पाप्रिका घातलेली कोंबडी, दह्यातल्या शेवया आणि गेल्या सालची लाल वाइन. तिसऱ्या पेल्यानंतर मेजर गंभीर झाले. म्हणाले, प्रश्न वरून दिसतो त्यापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे. कॅप्टनांनी चौथा पेला संपवून दुजोरा दिला. प्रत्येक तोफेची स्वतंत्र तपासणी करावी लागेल, दिवसाला एकच. रविवारी आणि गुरुवारी काम नाही.

अशी चिकाटी मी आमच्या जिल्हा कचेरीत कधी पाहिली नाही.

मात्र त्यांनी येताना जिल्हा कचेरीचे पत्रही आणले होते. आयोगाने या तोफांना शस्त्र ठरवले, तर जुलैआधी त्या कापून भंगारात द्यायच्या. जुलै हाच गारांचा महिना. गावात ही बातमी संध्याकाळच्या आत पसरली. लोक मळ्यांकडे असे पाहत होते, जणू कुणीतरी वेलींच्या अंगावरचे पांघरूण काढून नेणार आहे. ते कुणीतरी म्हणजे मी.

३० मे

पाचवी तोफ तपासून झाली. गावात माझ्याशी कुणी बोलत नाही. न्हाव्याने सकाळी एकच गाल केला, वस्तरा पुसला आणि म्हणाला, "दुसरा रकाना रिकामा सोडतो, सचिवसाहेब. तुम्ही भरा."

अर्ध्या दाढीने कचेरीत जाणे योग्य नव्हते. एतेल्काबाईंनी त्यांच्या कैलासवासी नवऱ्याचा वस्तरा काढून दुसरा गाल केला. हात जरा कापत होता त्यांचा. वस्तरा जुना असल्यामुळे असेल. धार लावून घ्या असे मी सुचवले.

४ जून

ओढ्यापलीकडचे ब्रेझोवाक हे तहापासून दुसऱ्या राज्यात आहे. तिथला सचिव स्त्येपान व्रबान माझ्याबरोबर पेच शहरातल्या कॉलेजात होता. आज त्याने पुलावर बोलावले. परवान्यावर शिक्का असल्याशिवाय पूल ओलांडता येत नाही, म्हणून तो पुलाच्या त्याच्या टोकाला आणि मी माझ्या टोकाला, असे ओरडून बोललो.

त्याचे म्हणणे असे, की सोल्योशकुतमध्ये रोज सकाळी परदेशी गणवेशातली माणसे तोफ उडवून बघतात, मग टाळ्या वाजतात. ब्रेझोवाकला हे दिसते. त्यांच्याकडे नऊ गारतोफा होत्या. गेल्या आठवड्यात अकरा नव्या केल्या.

मी विचारले, इतक्या कशाला?

"बेने, आम्हाला भांडण नकोय," तो म्हणाला. "आम्हाला फक्त तुमच्यापेक्षा सहा जास्त हव्यात."

मी त्याला समजावले, की आमची तपासणी चालू आहे ती तोफा कमी करायला. तो म्हणाला, कमी करायला एवढा आवाज लागत नाही.  

१० जून

वीस हा आकडा मी गेर्गेयकाकांना सांगायला नको होता का? विचारले तर खोटे कसे सांगणार? त्यांनी त्याच दुपारी पत्रेवाल्याला बोलावले. चर्चच्या पावसाळी नळ्या, शाळेच्या शेगडीचे धुराडे, एक फुटके पिंप असे करत सात तोफा उभ्या राहिल्या. आठवी पोस्टमास्तरांच्या ग्रामोफोनच्या कर्ण्याची आहे. तिचा आवाज शिंकेएवढा होतो, पण मोजताना मोजली जाते.

नव्या तोफा तक्त्यात नव्हत्या. मी पुरवणी यादी करून आयोगाकडे दिली. रागावतील असे वाटले होते. कॅप्टनांनी आठ आकड्यावर बोट ठेवून मनातल्या मनात दिवस मोजले आणि मेजरांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. युरोपात अशी प्रामाणिक माणसे राहिली नाहीत म्हणाले. डोळे पाणावले होते त्यांचे. मग त्यांनी एतेल्काबाईंना विचारले, कोबीच्या पानातले सारण पुन्हा कधी होणार आहे.

१७ जून

आमच्या सत्तावीस. ब्रेझोवाकच्या एकतीस.

तक्रार आता आकड्यांची राहिलेली नाही. ब्रेझोवाक म्हणते, आम्ही बार काढून गारांचे ढग त्यांच्यावर ढकलतो. आमचे लोक म्हणतात, ढकलतात ते. गंमत म्हणजे या महिन्यात आकाशात ढगच नाही. निरभ्र आकाशाखाली दोन गावे एकमेकांवर गारा ढकलल्याचा आरोप करत आहेत.

कॅप्टनांना वरून तार आली : महिनाअखेर निकाल द्यावा. त्यांनी ती वाचून घडी घातली आणि खिशात ठेवली. पुलावर दोन्ही गावांची बैठक ठरली.

२४ जून

बैठक. पुलाच्या मधोमध टेबल; कॅप्टनांच्या खुर्चीचे दोन पाय आमच्या राज्यात, दोन त्यांच्या. इतिवृत्त माझ्याकडे आणि स्त्येपानकडे. आमच्या प्रतीत सोल्योशकुत आधी, त्याच्या प्रतीत ब्रेझोवाक आधी. एवढ्यावर एकमत व्हायला दहा वाजले.

पहिले कलम : ढग कुणाचा? दोन तासांनी ठरले, की ज्या राज्यावर ढगाचा निम्म्याहून अधिक भाग असेल त्याचा. बरोबर निम्मा असल्यास संयुक्त. दुसरे कलम : बार काढण्यापूर्वी दुसऱ्या गावच्या सचिवाला लेखी सूचना द्यावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच हात वर केला. म्हटले, सचिवाची कचेरी दोनला बंद होते आणि गारा बहुधा तीननंतर पडतात, म्हणजे सूचना आदल्या दिवशी द्यावी लागेल, ती कशी देणार?  यात पाऊण तास गेला. ब्रेझोवाकचा सरपंच इव्होकाका हळूच म्हणाला, याला कुणीतरी कोंबड्या मोजायला बसवा.

चौथ्या प्रहरी कॅप्टन उठले. त्यांनी सरळ सांगितले : या तोफा खरोखर ढग हलवत असतील, तर ते शेजाऱ्याविरुद्ध वापरायचे शस्त्र झाले, दोन्हीकडच्या अठ्ठावन्न कापाव्या लागतील. हलवत नसतील, तर ते शस्त्र नव्हे, ठेवा. आयोगाला शपथेवर एक निवेदन हवे, आणि तेही अशा माणसाचे, की ज्याच्या सचोटीबद्दल दोन्ही बाजूंना शंका नाही.

दोन्ही सरपंचांनी माझ्याकडे बोट दाखवले. आवाजावरून कौतुक वाटले नाही.

२७ जून

माझ्याकडे हवामानाची वही आहे. माझ्या आधीच्या सचिवाने १८९० साली सुरू केली. तोफा आल्या १९०७ मध्ये. तोफांआधीच्या सतरा वर्षांत गारा पडल्या नऊ वेळा. तोफा आल्यानंतरच्या सतरा वर्षांत नऊ वेळा.

चार वेळा मोजले. नऊ आणि नऊ.

म्हणजे तोफा काही करत नाहीत. हे खरे सांगितले तर त्या वाचतात. पण ज्या गावाने सतरा वर्षे पावसात भिजत, दारू कोरडी ठेवत, बोटे भाजून घेत ढगांवर बार काढले, त्याला सगळ्यांदेखत सांगायचे, की तुम्ही हवेत फुंकर मारत होतात? आणि नाही सांगितले, तर जुलैत मळ्यांपाशी भंगारवाला.

गेर्गेयकाका संध्याकाळी दाराशी येऊन उभे राहिले. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. टोपी हातात. म्हणाले, "बेनेदेक, मधला मार्ग काढ. तोफा थोड्याफार चालतात, असं लिही. म्हणजे आपल्या गारा फुटतात, पण शेजाऱ्याला कळणार नाही, इतपत."

मी म्हटले, आकडे तसे म्हणत नाहीत.

"आकड्यांना काय कळतं," ते म्हणाले. पण रागावून नाही. म्हातारे दिसले मला आज. त्यांच्या वडिलांनी पहिली तोफ आणली होती.

एतेल्काबाईंचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, "खरं सांगा, आणि मग घाबरत घाबरत घरी न जाता इकडे जेवायला या." दुसरा भाग पहिल्याशी कसा जोडलेला आहे ते कळले नाही.

१ जुलै

पुलावर दोन्ही गावे. शपथ घेतली. वही उघडून नऊ आणि नऊ वाचले. निष्कर्ष : गारांवर तोफांचा परिणाम होतो असे दिसत नाही.



मग इव्होकाका उठला. तोंड लाल. त्याने विचारले, त्याच्या एकतीस तोफांना कुचकामी म्हणायचा या कागदी किड्याला काय अधिकार? आमचे गेर्गेयकाका त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, यांच्या तोफा कशा आहेत हे आम्हाला विचारा, तीन आठवडे आम्ही घाबरून आहोत. इव्होकाका गहिवरला. त्याने सोल्योशकुतच्या तोफांबद्दलही तेच सांगितले. कुणी टेबल बाजूला केले. दोन्ही गावांची माणसे पुलाच्या मधोमध, शिक्का नसताना, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून माझ्याकडे बोटे दाखवत होती. मी वही छातीशी धरून ब्रेझोवाकच्या टोकाकडे सरकलो, तर तिथून मला आमच्या बाजूला ढकलण्यात आले.

स्त्येपान कानाशी म्हणाला, "तहानंतर दोन्ही गावं एका बाजूला आलेली मी पहिल्यांदाच बघतोय. तू मात्र आता कुठल्याच बाजूला नाहीस हं, बेने."

आयोगाचा निकाल : शस्त्र नव्हे. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न राहतील. सही करताना दोन्ही अधिकारी खिन्न दिसले. निघताना मेजरांनी मला बाजूला घेऊन विचारले, की सीमेवर आणखी कुठल्या वाइनच्या गावांत अशी संशयास्पद साधने आहेत का. मी माहिती होती तशी पाच गावांची यादी, खानावळींच्या पत्त्यांसकट, लिहून दिली.

जेवायला गेलो. एतेल्काबाईंनी दार आतून लावून घेतले आणि दुसऱ्यांदा वाढले.

१३ जुलै

तोफा वाचल्याचे श्रेय गावाने मला दिलेले नाही. तो मुद्दा गौण मानला जातो. मी तोफांचा अपमान केला, हा मुख्य.

आज तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून ढग आला. जांभळट काळा, कडांना हिरवी झाक. मी दहा वर्षांत असा पाहिलेला नाही. बरोबर ओढ्यावर थांबला. निम्मा इकडे, निम्मा तिकडे, म्हणजे कलमाप्रमाणे संयुक्त. लेखी सूचना कुणी दिली नाही. दोन्हीकडून एकदम बार सुरू झाले. सत्तावीस आणि एकतीस. कचेरीच्या तीन काचा गेल्या. मध्येच ग्रामोफोनची शिंक ओळखू आली. आमच्याकडची दारू संपली तेव्हा ब्रेझोवाकच्या बायका पुलावरून पिशव्या घेऊन धावत आल्या.

अर्ध्या तासाने ढग हलला. पूर्वेकडे गेला. एक गार पडली नाही.

दोन्ही गावे माझ्या खिडकीखाली जमली. सगळ्यांची तोंडे धुराने काळी, त्यामुळे कोण कुठल्या राज्यातला ते ओळखू येत नव्हते. आरडाओरडा नाही. गेर्गेयकाका एवढेच म्हणाले, "वही काढ. लिही."

मी लिहिले. 

१६ जुलै

पूर्वेकडच्या शेजारच्या गावच्या सचिवाचे पत्र. तेरा तारखेला संध्याकाळी त्यांच्याकडे अंड्याएवढ्या गारा पडल्या. तक्रार नाही म्हणतात. फक्त तोफांची मापे कळवावीत.

२० जुलै

चार दिवस झोप धड नाही. मी शपथेवर सांगितले की परिणाम होत नाही, आणि तेरा दिवसांत माझ्या वहीत उलटा पुरावा जमा झाला. शपथ खोटी ठरली का? दुरुस्तीचे पत्र पाठवायला हवे का? पाठवले तर आयोग परत येईल, तोफा पुन्हा शस्त्र ठरतील. न पाठवले तर मी जाणूनबुजून गप्प बसलो असे होईल. अधिकारी यादीतल्या दुसऱ्या गावात पोचल्याचे ऐकतो. तपासणी फार बारकाईने चालली आहे म्हणे.

शेवटी पुढील मजकूर केला आणि त्यात मला एकही असत्य सापडत नाही : "एका ढगावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तोफांशिवाय सतरा वर्षे आणि चौदा तोफांसह सतरा वर्षे यांच्या नोंदी आहेत. दोन्ही गावांनी मिळून बार काढण्याची पद्धत मात्र नवी आहे. न्याय्य तुलनेसाठी तिलाही सतरा वर्षे द्यावी लागतील. सबब अंतिम अहवाल सन १९४१ मध्ये सादर करीन. तोवर दोन्ही राज्यांनी आहे तसेच शेजारधर्माने राहावे, एवढीच विनंती." स्त्येपानने त्याच्या प्रतीवर सही केली. म्हणाला, १९४१ साली पुलावर भेटू, तोवर शिक्केही बंद झाले असतील.

मला खूप हलके वाटले. वही घेऊन एतेल्काबाईंकडे गेलो. नव्या पद्धतीत एकट्याची नोंद पुरेशी नाही. ज्याने आकाश प्रत्यक्ष पाहिले अशा दुसऱ्या माणसाची सही रोज हवी. त्यांच्या अंगणातून पश्चिम चांगली दिसते, म्हणून त्यांना विचारले.

त्यांनी पीठ लागलेले हात पुसले. "म्हणजे सतरा वर्षं रोज मी तुमच्या शेजारी बसून आकाश बघायचं?"

मी म्हटले, रविवारीसुद्धा. गारांना सुट्टी नसते. अडचण असेल तर स्पष्ट सांगावे, मी पोस्टमास्तरांना विचारीन.

"पोस्टमास्तरांना त्रास नको," त्या म्हणाल्या, आणि वही ओढून घेतली.

आजची नोंद : निरभ्र. खाली माझी सही, तिच्याखाली त्यांनी लिहिले, एतेल्का. पुढे आडनाव नाही. नियमाप्रमाणे पूर्ण नाव लागते, हे मी लक्षात आणून दिले. त्या हसल्या. म्हणाल्या, "कुठलं आडनाव लिहायचं ते तुम्हाला सुचलं, की भरू."

त्यांना स्वतःचे आडनाव आठवू नये याचे नवल वाटले. उद्या गावच्या नोंदींतून काढून देईन. तशी घाई नाही. सतरा वर्षे हाताशी आहेत.